‘व्हर्नाक’ म्हणजे अडाणी नव्हे

दादर-परळच्या मराठी शाळेतून दहावी झालेलं मूल दक्षिण मुंबईतल्या कॉलेजात गेलं की हा शब्द अंगावर येतो. इंग्रजी बोलताना अडखळलं, ‘व्हर्नाक’. मराठी गाणं गुणगुणलं, ‘व्हर्नाक’. आता तर आपलेच पालक विचारतात, ‘व्हर्नाक्युलरला घालून पोराचं नुकसान कशाला?’ याचा मनापासून संताप येतो.

व्हर्नाक्युलर म्हणजे मागास भाषा, तीत शिकलेला तो अडाणी, असा हा समज. मूळ अर्थ एवढाच, की त्या मुलखात घरोघरी बोलली जाणारी भाषा. लॅटिनपुढे इंग्रजीही व्हर्नाक्युलरच होती. न्यूटनने १६८७ मध्ये ‘प्रिन्सिपिया’ लॅटिनमध्ये छापला. ‘ऑप्टिक्स’ इंग्रजीत आला तो १७०४ मध्ये.

आपल्याकडे या शब्दाला कमीपणा चिकटवला तो राज्यकर्त्यांनी. १८७८ च्या व्हर्नाक्युलर प्रेस अ‍ॅक्टने देशी भाषांतल्या वृत्तपत्रांना जखडलं आणि इंग्रजी पत्रांना मोकळं सोडलं. तरीही पुढे कित्येक वर्षं व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवीची परीक्षा, पास झालेला माणूस गावात मास्तर म्हणून मानाने वावरत असे.

इंग्रजी येत नाही तेच मराठीचा आग्रह धरतात, हेही खोटं. गिरगावचे नाना शंकरशेट उत्तम इंग्रजी जाणत. १८४० च्या दशकात बोर्ड ऑफ एज्युकेशनचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजी माध्यमासाठी अडून बसले, तेव्हा शिक्षण देशी भाषांतूनच द्या, अशी बाजू नानांनी लावून धरली. आणि गिरगावातच वाढलेले, पालिकेच्या मराठी शाळेत शिकलेले रघुनाथ माशेलकर १९९८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. आणखी कोणता पुरावा हवा?

‘व्हर्नाक्युलर म्हणजे गुलामांची भाषा’ हेही अर्धसत्य. मूळ लॅटिन शब्दात घरी जन्मलेला गुलाम आहे खरा, पण रोमन पंडित व्हॅरोनेच तो शब्द अस्सल देशी शब्दांसाठी वापरला होता.

मातृभाषेतून शिकवा म्हणजे इंग्रजी शिकवू नका, असं कोणी म्हणत नाही. युनेस्कोच्या १९५३ च्या अहवालाने माध्यम मातृभाषा ठेवून दुसरी भाषा हळूहळू आणायला सांगितलं आहे.

 

पालकांनो, निदान घरात तरी ‘व्हर्नाक’ हा शब्द हिणवायला वापरू नका. आणि मूल कॉलेजात जाण्याआधी त्याला त्याचा खरा अर्थ सांगून ठेवा.