गच्चीवरचा रेडिओ : भाग ६ – तार कोणती घ्यावी?

पुण्यात तपकीर गल्लीत तार मागितली, की दुकानदाराचा प्रश्न ठरलेला : ‘‘पंख्याला की गिझरला?’’ अँटेनाला म्हटलं, की तो आधी तुमच्याकडे बघतो, मग मालाकडे, आणि असेल त्यातली सगळ्यात जाड तार पुढे करतो. उघड्यावर टांगायची म्हणजे जाडच हवी, हा त्याचा हिशेब. पहिल्या खेपेला आपल्यालाही तो पटतो.

मागच्या भागात ४० मीटर बँडच्या डायपोलची लांबी काढली होती : १४३ भागिले ७.१, म्हणजे २०.१ मीटर. ही तार कशाची घ्यायची?

विजेपुरतं बघितलं तर तांब्याची कुठलीही बऱ्यापैकी तार चालते. रेडिओचा प्रवाह तारेच्या पोटातून जातच नाही, कातडीवरून जातो. ७ मेगाहर्ट्झला तांब्यातली ही कातडी मिलिमीटरचा जेमतेम चाळिसावा भाग. घरच्या दिव्यापंख्याची दीड स्क्वेअरची तार लावली, तर १०० वॉटपैकी दोनेक वॉट ती गरम होण्यात जातात. चार स्क्वेअर घेतलीत तर त्यातला एखादा वॉट वाचेल. पलीकडे ऐकणाऱ्याला पत्ताही लागणार नाही. नुसत्या तांब्याचं वजन मात्र पाव किलोवरून पाऊण किलोच्या घरात जाईल, आणि ते वजन बांबूने आणि दोरीने पेलायचं.

म्हणून तार निवडायची ती ओढ, वारा आणि पाऊस बघून. हे मला माडाने शिकवलं. कोकणातल्या घरी माझ्या पहिल्या डायपोलचं एक टोक गच्चीच्या कठड्याला होतं, दुसरं माडाला. तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणून बांधला आणि स्वतःवरच खूश झालो. मृगाचा वारा सुटला, माड डुलायला लागला. दहा दिवसांनी एसडब्ल्यूआर बघतो, तर ७.१ वर बसवलेला अँटेना ७ च्या खाली, बँडबाहेर! उतरवून मोजला. तार हातभर वाढली होती.

घरच्या वायरिंगचं तांबं मुद्दाम मऊ केलेलं असतं, पाइपातून सहज वळावं म्हणून. दीड स्क्वेअरच्या तारेवर दहाएक किलोची ओढ आली, की ती वाढते आणि परत आखडत नाही. दहा किलो ऐकायला पुष्कळ वाटतात. पण वीस मीटरच्या पल्ल्यात मधोमध दहाच सेंटिमीटर झोळ ठेवला, तर प्लॅस्टिकसकट तारेच्या स्वतःच्या वजनानेच जवळपास तेवढी ओढ येते. झोळ तीस सेंटिमीटर केला, की ती तीन-साडेतीन किलोवर उतरते. मध्ये लोंबणाऱ्या कोअ‍ॅक्स केबलचा भार यात धरलेला नाही. तेव्हा झोळ सढळ हाताने द्या, आणि झाडाकडची दोरी बांधून न टाकता कप्पीवरून सोडून तिला पाण्याचा कॅन लटकवा. झाड डुललं की कॅन वरखाली होईल, तार शाबूत राहील.

कडक ओढलेलं तांबं वाढत नाही, पण किरकोळीत ते मिळणं कठीण, आणि मिळालं तरी वेटोळं सोडताना स्प्रिंगसारखं अंगावर येतं. पोलादावर तांब्याचा थर दिलेली तार भक्कम असते, आणि प्रवाह कातडीवरूनच जात असल्याने आतलं पोलाद आड येत नाही. थर खरवडला गेला, की मात्र खाऱ्या हवेत गंज धरतो. हार्डवेअरवाल्याकडची जीआय तार नुसतं ऐकायला खुशाल लावा. शॉर्टवेव्हवर सिग्नलबरोबर खरखरही तेवढीच कमी होते, त्यामुळे ऐकण्यात फरक पडत नाही. प्रक्षेपणाला ती नको. अ‍ॅल्युमिनियम हलकं खरं, पण साधं सोल्डर त्याला धरत नाही आणि तांब्याशी केलेला सांधा ओलीत सडतो. मी त्याच्या वाटेला जात नाही. सोसायटीचे सेक्रेटरी कडक असतील, तर मोटार वाइंडिंगवाल्याकडून एक मिलिमीटरची एनॅमलची तार घ्या. चौथ्या मजल्यावरची ती रस्त्यावरून दिसत नाही.

माझी निवड सांगतो : दीड स्क्वेअर, बहुपदरी, काळ्या प्लॅस्टिकची. काळा रंग उन्हाला जास्त टिकतो. प्लॅस्टिकमुळे लांबी मात्र दोन ते चार टक्के कमी लागते, म्हणजे वीस मीटरला ४० ते ८० सेंटिमीटर. आधी पूर्ण लांबी टांगा, टोकं दुमडून तारेलाच बांधत या, मीटर बघा, कात्री शेवटी. उघडी टोकं आणि मधला सांधा सिलिकॉनने बंद करा. माझी जुनी तार सोलली, तेव्हा वरून चकचकीत प्लॅस्टिक आणि आत सांध्यापासून वीतभर तांबं काळंठिक्कर पडलेलं. पाणी पदरांमधून चढत गेलं होतं.

एवढं करूनही तार कधीतरी तुटणारच. तुटली तरी महावितरणच्या तारांवर पडणार नाही, अशीच जागा निवडा. तशी जागा नसेल तर अँटेना लावू नका.

दुकानात अख्खं वेटोळं ९० मीटरचं मिळतं. तेच घ्या. उरलेल्या तारेतून पुढच्या आठवड्यात २० मीटर बँडचा डायपोल याच बांबूवर चढवू.