मनुष्य निर्णय कसा घेतो?

कल्पना करा कीं, पौडच्या मोटारतळावर उतरलेल्या एका भुकेल्या प्रवाशास समोर दोन खानावळी दिसतात. उजवीकडील अन्न चांगलें असतें, असें त्यानें ऐकलें आहे. परंतु ती रिकामी असून डावीकडे चार माणसें जेवीत आहेत. त्याचे पाय डावीकडेच वळतात. मागून येणाऱ्यास आतां तेथें पांच माणसें दिसतात, व तोही तेंच करतो. पण डावीकडे प्रथम शिरलेल्या मनुष्याचीच माहिती चुकीची असली तर? प्रत्येकजण शहाणपणानें वागला, तरी सर्वांची मिळून फसगतच झाली. कारण प्रत्येकाजवळची खरी माहिती त्याच्या मनांतच राहिली.

या कळपवृत्तीस गणिताच्या चौकटींत बसविणारा एक प्रसिद्ध निबंध १९९२ सालीं छापला गेला. त्याचे लेखक अभिजित विनायक बॅनर्जी. त्यांचा जन्म १९६१ सालीं मुंबईस झाला. वडील दीपक बॅनर्जी व पाटणकरांच्या घराण्यांतील मातुःश्री निर्मला हीं दोघेंही अर्थशास्त्रज्ञ. कलकत्त्याचें प्रेसिडेन्सी कॉलेज व दिल्लीचें जवाहरलाल नेहरू विद्यापीठ येथें शिकून १९८८ सालीं त्यांनीं हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली.

तथापि केवळ कागदावरील गणितानें त्यांचें समाधान झालें नाहीं. माणसें प्रत्यक्षांत कशीं वागतात, हें पाहण्यासाठीं ते व त्यांचे सहकारी खेड्यापाड्यांत गेले. राजस्थानांतील उदेपूर जिल्ह्यांत मुलांना लस टोंचून घेण्याचें प्रमाण फार अल्प होतें. आईबापांचें मुलांवर प्रेम नव्हतें काय? होतें, पण आजचा खाडा डोळ्यांसमोर दिसतो, उद्यांचा रोग दिसत नाहीं, म्हणून "पुढें पाहूं" म्हणतां म्हणतां काम राहून जातें. त्यांनीं कांहीं गांवांत दरमहा नेमानें लसीकरणाचीं शिबिरें भरविलीं. आणखी कांहीं गांवांत शिबिराबरोबर दर खेपेस एक किलो डाळ व शेवटीं जेवणाचीं ताटें दिलीं. दोहोंपैकीं कांहींच नसलेल्या गांवांत शेंकडा ६, शिबिरांच्या गांवांत १८, आणि डाळीच्या गांवांत ३९ मुलांचें लसीकरण पूर्ण झालें. हे निष्कर्ष २०१० सालीं प्रसिद्ध झाले. डाळ देऊनही पूर्ण लसीकरण झालेल्या प्रत्येक मुलामागील खर्च सुमारें निम्माच आला. कारण मुलें अधिक आल्यानें परिचारिकेचा वेळ वायां गेला नाहीं.

अशा प्रयोगांनीं दारिद्र्याच्या प्रश्नांचा शोध घेण्याच्या कार्याबद्दल २०१९ सालीं बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व मायकेल क्रेमर यांस अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

विद्यार्थी मित्रहो, शालान्त परीक्षेनंतर शेजारचा मुलगा ज्या शाखेस गेला तिकडेच आपणही धांवतों. आणि पालकहो, मुलाचे डोळे तपासण्याचें काम आपण एका सुट्टीवरून दुसरीवर ढकलतों. पहिली कळपवृत्ति, दुसरी दिरंगाई. निवड करण्यापूर्वीं स्वतःस काय ठाऊक आहे, हें प्रत्येकानें आठवावें. व तें उघडपणें सांगावें, म्हणजे मागून येणाऱ्याची वाट चुकणार नाहीं.