पाठीवर बसण्याआधी : माथेरानच्या रपेटीविषयीचे गैरसमज

मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते आणि तिथून खरं माथेरान सुरू होतं. बाजारपेठ तिथून अडीच-तीन किलोमीटर. पुढे पायी जा, रेल्वेच्या शटलने जा, नाहीतर घोड्यावरून. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट या डोंगरावर चढले, १९०७ मध्ये नेरळहून छोटी गाडी वर आली. मोटारींना मात्र माथ्यावरच्या वाटा बंदच राहिल्या. २००३ मध्ये केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केल्यावर ही बंदी आणखी पक्की झाली. म्हणून इथला घोडा केवळ पर्यटकांच्या हौसेसाठी नाही. तो माणसं वाहतो, सामान वाहतो आणि त्याच्या जिवावर अनेक घरं चालतात.

आपल्यापैकी पुष्कळांचा घोड्याशी पहिला संबंध इथेच येतो. पॉइंट ठरतात, दर ठरतो, कोणीतरी पाय रिकिबीत अडकवून देतं आणि घोडा निघतो. घोड्याविषयी चार शब्द सांगायला तेव्हा कोणालाच वेळ नसतो. मग ऐकीव गोष्टींवर काम भागवलं जातं, आणि त्यांतल्या काही घोड्याला दुखवतात, काही स्वाराला पाडतात.

“एवढा मोठा प्राणी, त्याला माणसाचं ओझं ते काय?”

सगळ्यांत जास्त पसरलेला आणि माझ्या मते सगळ्यांत हानिकारक गैरसमज हाच. ओझ्याला मर्यादा असते आणि ती घोड्याच्या स्वतःच्या वजनावर ठरते. जगभर साधारण मानला जाणारा आडाखा असा, की स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा, म्हणजे २० टक्क्यांपेक्षा जास्त भार नसावा. अमेरिकेत ओहायोमधल्या संशोधकांनी २००८ मध्ये घोड्यांवर वेगवेगळे भार ठेवून पाहिलं. भार २५ आणि ३० टक्क्यांवर गेला तेव्हा स्नायूंचा ताण आणि दुखरेपणा स्पष्टपणे वाढलेला आढळला. ग्रीसमध्ये सांतोरिनी बेटावर पर्यटकांना पायऱ्यांवरून वर नेणाऱ्या गाढवांचे हाल जगासमोर आले, तेव्हा २०१८ मध्ये तिथल्या सरकारने १०० किलो किंवा जनावराच्या वजनाचा पाचवा हिस्सा अशी मर्यादा घालून दिली.

आता हाच हिशेब आपल्या डोंगरावर मांडून पाहू. घोड्याचं वजन काट्याशिवायही काढता येतं. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजायचा, त्याचा वर्ग करायचा, त्याला खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतच्या लांबीने गुणायचं आणि ११,८८० ने भागायचं. घेर १५० आणि लांबीही १५० असेल तर उत्तर येतं सुमारे २८४ किलो. त्याचा पाचवा हिस्सा ५७ किलो. खोगिराचे पाच-सात किलो वजा केले की स्वारासाठी उरतात पन्नासच्या आसपास. म्हणजे पंच्याऐंशी किलोचा धडधाकट माणूस अशा लहान चणीच्या घोड्यावर बसला, तर तो एक तृतीयांशाच्या जवळपास ओझं टाकतो आणि वर चढही चढायला लावतो. त्यात मांडीवर लेकरू घेतलं तर विचारायलाच नको. एका खोगिरावर दोघांनी बसणं स्वारांच्या दृष्टीनेही धोक्याचं आहे, कारण पुढच्या मुलाच्या पायाला रिकीब नसते आणि तोल गेला तर दोघंही एकदम खाली येतात.

उपाय साधा आहे. आपलं वजन खरंखरं सांगावं आणि मोठा, भरलेला घोडा मागावा. तसा घोडा नसेल तर चालावं. माथेरानच्या वाटा चालण्यासाठी उत्तम आहेत, आणि धडधाकट माणसाने शार्लोट तलावापर्यंत चालत जाण्यात कमीपणा कसला?

“हा कसला घोडा, हे तर तट्टू!”

वरचा हिशेब वाचून कोणी लहान घोड्याला दुबळा समजेल, तर तीही चूक होईल. खांद्याजवळच्या उंचवट्यापर्यंत मोजून सुमारे १४७ सेंटिमीटरपेक्षा कमी भरणाऱ्या घोड्याला जगात सर्वसाधारणपणे पोनी म्हणतात. तो फरक उंचीचा आहे, ताकदीचा नाही. आखूड पाय, कणखर खूर आणि जमिनीलगतचा तोल यांमुळे डोंगरात लहान घोडाच भरवशाचा ठरतो. चित्रांत आपण मराठा स्वार उंच, पांढऱ्याशुभ्र अश्वांवर पाहतो. प्रत्यक्षात मराठ्यांच्या फौजेची मोठी भिस्त भीमेच्या खोऱ्यातल्या भीमथडी घोड्यांवर होती. हे घोडे चणीने लहान, पण काटक आणि थोड्या चाऱ्यावर लांबचा पल्ला गाठणारे. आजही मेंढरांमागे फिरणारे धनगर आपला संसार त्यांच्याच पाठीवर घालून नेतात, आणि अलीकडे भीमथडीला स्वतंत्र देशी जात म्हणून अधिकृत मान्यताही मिळाली आहे. माथेरानचे घोडे वेगवेगळ्या जातींच्या मिश्रणाचे आहेत. तरीही बुटक्या घोड्याला हसण्याआधी हा इतिहास प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक असायला हवा.

“उतारावर लगाम आवळला की घोडा ताब्यात राहतो”

घसरण दिसली की हात आपोआप लगाम ओढतात. पण घोडा म्हणजे ब्रेकवर थांबणारं यंत्र नव्हे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे त्याला जवळजवळ ३५० अंशांतलं दिसतं, पण कपाळाच्या अगदी समोर, नाकाखाली आणि थेट शेपटीमागे काही दिसत नाही. पायाजवळचा दगड बघायचा तर त्याला मान खाली घालावी लागते. शिवाय मान हेच त्याचं तोल सांभाळण्याचं साधन. उभा असतानाही त्याच्या शरीराचा साठेक टक्के भार पुढच्या पायांवर असतो, उतारावर तो आणखी पुढे सरकतो. अशा वेळी लगाम ओढला की मान वर जाते, पाठ खोलगट होते आणि घोडा अक्षरशः न बघता पाय टाकू लागतो. वर तोंडातली लोखंडी कडी ज्या जागी बसते तिथे दात नसतात, फक्त हाडावरची नाजूक हिरडी असते. ती दुखली की घोडा आणखी डोकं झटकतो, स्वार आणखी घाबरतो आणि आणखी ओढतो.

बरोबर काय? लगाम सैल, पण हातात. टाचा खाली, गुडघे सैल. चढावर कमरेतून थोडं पुढे झुकायचं, तोल जातोय असं वाटलं तर आयाळ धरायची. उतारावर शरीर सरळ ठेवायचं. मागे रेलून घोड्याच्या पाठीवर आडवं होण्याची रीत चित्रपटांमुळे रुजली असावी. तिने सगळा भार घोड्याच्या कमरेवर येतो आणि मागच्या पायांना रुतून उतरणं जड जातं. फार उभा, दगडांचा उतार आला तर खाली उतरून चालणं सर्वांत चांगलं.

“घोडा मुद्दाम दरीच्या कडेने नेतो”

ओझं वाहण्याची सवय असलेली जनावरं डोंगराच्या भिंतीपासून अंतर राखून चालतात, कारण बाजूला लटकणारं सामान खडकाला आदळलं की त्यांचा तोल जातो. हे ती अनुभवाने शिकलेली असतात. तुमचा पाय दरीवर लोंबकळताना दिसतो, पण घोड्याचे खूर वाटेवरच असतात. यात खोड नाही. अशा जागी घोड्याला आत वळवायला लगाम हिसडू नये, घोडेवाल्या दादांना सांगावं. परतीच्या वाटेवर घोडा भरभर चालतो त्याचंही कारण साधंच: तिकडे त्याचा तोबरा आहे, पाणी आहे, सोबती आहेत.

“दोरी घोडेवाल्याच्या हातात आहे, मग हेल्मेट कशाला?”

घोड्याच्या पाठीवरून पडताना डोकं दीड-दोन मीटर उंचीवरून खाली येतं, आणि घोड्यावरून पडण्याच्या अपघातांत जीवावर बेतणारी इजा बहुतेक वेळा डोक्याचीच असते. दोरीमुळे घोडा उधळण्याची शक्यता कमी होते. घोड्याचं ठेचकाळणं तिने थांबत नाही. हेल्मेट मोठ्यांनाही हवं. चपला, सँडल घालून बसू नये. पुढून बंद आणि थोडी टाच असलेले बूट घालावेत. पावलाचा पुढचा भागच रिकिबीत ठेवावा, म्हणजे पडलो तर पाय अडकून फरफट होणार नाही. लगाम मनगटाभोवती गुंडाळू नये, मोबाइलसाठी दोन्ही हात सोडू नयेत.

आणि खोगीर एका बाजूला सरकलं तर घोड्याला दोष देऊ नये. तंग आवळताना बरेच घोडे पोट फुगवतात, थोडं चालल्यावर तो सैल पडतो. दहा मिनिटांनी “दादा, तंग पुन्हा बघता का?” असं विचारलं तर कोणताही जाणता घोडेवाला आनंदाने थांबेल. चढताना घोड्याच्या डाव्या बाजूने चढायचं ही रीत तलवार डाव्या कमरेला बांधणाऱ्यांपासून आली, आणि घोडे त्याच सवयीत वाढतात. दगडी ओट्यावरून चढलं तर रिकिबीला लोंबकळून त्याच्या पाठीला हिसका बसत नाही.

“फुरफुरतोय म्हणजे चिडलाय, उभा झोपतो म्हणजे थकत नाही”

फ्रान्समधल्या रेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये घोड्यांचं फुरफुरणं नोंदवलं. निवांत आणि समाधानी असताना, विशेषतः मोकळ्या कुरणात, ते जास्त फुरफुरतात असं त्यांना दिसलं. राग ओळखायचा तर कान बघावेत. मानेला चिकटून मागे पडलेले कान, आवळलेल्या नाकपुड्या, सतत झटकणारी शेपटी दिसली की जवळ जाऊ नये, फोटोसाठी तर मुळीच नाही.

उभ्याने झोपण्याची गोष्टही अर्धीच खरी. पायांच्या सांध्यांतल्या खास रचनेमुळे घोडा स्नायू फारसे न वापरता उभा राहून डुलकी घेऊ शकतो. पण गाढ, स्वप्नांची झोप त्याला आडवं पडूनच मिळते, तीही दिवसातून थोडा वेळ. ती सलग अनेक दिवस मिळाली नाही तर घोडा उभ्या उभ्या कोसळतो. हंगामात गर्दीच्या रांगेत दिवसभर उभा असलेला घोडा म्हणूनच ‘विश्रांती घेतोय’ असं समजू नये.

“लाडाने दोन बिस्किटं दिली तर काय बिघडलं?”

बरंच बिघडू शकतं. घोड्याला उलटी करता येत नाही. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट असतो की खाल्लेलं बाहेर पडतच नाही. अंगाच्या मानाने जठर लहान, आतडी मात्र प्रचंड लांब. निसर्गाने त्याला दिवसभर थोडा थोडा चारा चघळण्यासाठी घडवलं आहे. वडापावचा पाव, चिक्की, बिस्किटं, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट टाकलेली कणसं यांनी पोटशूळ उठतो, आणि घोड्यांच्या मृत्यूचं ते एक मोठं कारण आहे. शेकडो पर्यटकांनी प्रत्येकी ‘फक्त दोनच’ दिली तर हिशेब कुठे जातो ते पाहा. त्याची चंदी त्याच्या मालकाला ठाऊक असते. काही द्यायचंच असेल तर आधी विचारावं, आणि गाजराचा लांब उभा तुकडा उघड्या तळहातावरून द्यावा.

तापलेल्या घोड्याला पाणी देऊ नये, अंगावर थंड पाणी ओतू नये, हेही आपल्याकडे वडीलधारे सांगत आले. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या तयारीत या समजाची कसून तपासणी झाली, आणि दमट उन्हात थंड पाण्याने घोड्याला वाचवता येतं हेच दिसलं.

नाल ठोकताना घोड्याला वेदना होतात असं अनेकांना वाटतं. खुराची बाहेरची भिंत आपल्या नखासारखीच केराटिनची असते, तिथे खिळा लागला तर दुखत नाही. आत गेला तर घोडा लंगडतो. नालबंदाचं सगळं कसब त्या काही मिलिमीटरमध्ये आहे. खूर वाढत राहतो, म्हणून नाल साधारण दीड-दोन महिन्यांनी बदलावी लागते. लंगडणारा, पाठीवर जखम असलेला किंवा बरगड्या दिसणारा घोडा समोर आला तर नम्रपणे नकार द्यावा. ग्राहकाच्या नकाराचं वजन नियमापेक्षा जास्त असतं.

“घोडे असले की पर्यावरणाचा प्रश्न मिटला”

धूर नाही, भोंगा नाही, हे खरं. पण जांभ्याच्या वाटांवर शेकडो घोड्यांच्या टापा पडतात, पावसात माती वाहून जाते, उन्हाळ्यात वाळलेली लीद तांबड्या धुळीत मिसळून उडते. यावर उपाय म्हणून पेव्हर ब्लॉक आले, तर त्या गुळगुळीत फरशीवर लोखंडी नाल घसरू लागली आणि घोडेवाल्यांनी विरोध केला. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ऑगस्ट २०२५ च्या आदेशात न्यायालयाने दस्तुरी नाका ते शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत पेव्हरला परवानगी दिली, आतल्या वाटांवर मात्र ते नकोत असं सांगितलं. माणसाने ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेशही त्यातच होता. आतल्या वाटा मातीच्याच ठेवण्याचा निर्णय मला योग्य वाटतो. त्या घोड्यांच्या खुरांना मानवतात आणि झाडांच्या मुळांनाही.

आणि जे चालत जाणार आहेत त्यांच्यासाठी: अरुंद वाटेवर समोरून घोडा आला तर दरीच्या नव्हे, डोंगराच्या बाजूला सरकून स्थिर उभं राहावं. मागून जात असाल तर आधी आवाज द्यावा, कारण शेपटीमागचं त्याला दिसत नाही. छत्री उघडणं, पिशवी फडफडवणं, मुलांना त्याच्या दिशेने पळू देणं तो पुढे निघून जाईपर्यंत थांबवावं.