घरून काम : काही रूढ गैरसमज

चर्चगेटपासून सुमारे ६० किलोमीटरांवरील विरार आणि त्याच्या अलीकडची नालासोपारा व वसई ही गावे मुंबईच्या कचेऱ्यांना वर्षानुवर्षे माणसे पुरवीत आली असल्यामुळे, नोकरी म्हणजे पहाटेचा डबा, खचाखच भरलेली फास्ट लोकल आणि हजेरीपत्रक, हे समीकरण येथे इतके दृढ झाले होते की, मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने लोकल थांबली आणि अनेकांची कचेरी घरातच आली, तेव्हा त्या कामाला काम म्हणावे की नाही, याविषयीच शेजारीपाजारी साशंक झाले. त्या शंकेच्या पोटी असलेल्या गैरसमजांची शहानिशा करणे अगत्याचे आहे.

पहिला समज असा की, परस्परांपासून दूर राहून एक कार्य तडीस नेणे ही संगणकाने आणलेली नवलाई आहे. वस्तुतः १७३७ ते १७३९ या काळात चिमाजी आप्पांनी याच वसईची मोहीम चालविली, तेव्हा रसद, दारूगोळा, कुमक यांचा बंदोबस्त छावणी आणि पुणे यांच्यातील पत्रांवरच अवलंबून होता, आणि त्या पत्रव्यवहाराचा मोठा भाग पेशवे दफ्तरात आजही वाचावयास मिळतो.

दुसरा समज अधिक घातक आहे : नजरेआड गेलेला माणूस कामचुकारपणा करतो. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या लिज्जत पापडाच्या उद्योगाकडे या दृष्टीने पाहावे. पीठ शाखेत मळले जाते, ते वजन करून भगिनींच्या हाती दिले जाते, पापड आपापल्या घरी लाटून वाळविले जातात आणि शाखेत परत आणल्यावर तपासून व तोलून घेतले जातात. लाटणे किती वाजता हाती धरले, याची चौकशी करण्याचे तेथे कारणच पडत नाही. मापाने दिलेले काम आणि कसोटीला उतरलेला माल, एवढ्यावर हजारो घरांत विखुरलेला हा व्यवहार सहा दशकांहून अधिक काळ चालला आहे.

तथापि घरून काम करणारा सर्वथा सुखी असतो, हाही भ्रमच. चीनमधील सीट्रिप या प्रवास कंपनीत निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिने केलेला प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. परंतु प्रयोगानंतर त्यांच्यापैकी सुमारे निम्म्यांनी एकटेपणाला कंटाळून कचेरीत परतणे पत्करले, आणि तुल्य कामगिरी असूनही बढतीच्या बाबतीत ते मागे पडल्याचे दिसले.

घरी असणे म्हणजे मोकळे असणे, हा गैरसमज तर घरातल्याच माणसांचा, आणि त्याचा भार बहुधा सुनेवर पडतो. नालासोपाऱ्यातील वन रूम किचनमध्ये पलंगाच्या कडेला लॅपटॉप मांडून ती ग्राहकाशी बोलत असते, इतक्यात गॅस सिलिंडरवाला बेल वाजवितो, आणि आतून आवाज येतो, "अगं, तू घरीच आहेस ना, बघ जरा!" प्रवासाचे वाचलेले तीन तास अशा रीतीने कोणाच्या विश्रांतीस न लागता घरकामात विरून जातात.

कचेरीतील वरिष्ठांचाही असाच एक गैरसमज असतो. पुणे, बेंगळुरू आणि न्यू जर्सी येथे विखुरलेल्या सहकाऱ्यांना दिवसभर व्हिडिओ कॉलवर बसविले की मेळ राहतो, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात मेळ राहतो तो कोणता निर्णय कोणी, का घेतला आणि पुढचे काम कोणाकडे, याची नोंद सर्वांना सापडेल अशी लिहून ठेविल्याने.

आणि ही सोय सर्वांना लाभेल, अशी आशा बाळगणेही व्यर्थ आहे. वसईजवळच्या वालीव किंवा गोखिवरे येथील कारखान्यातील यंत्रावरचा कामगार अथवा अर्नाळ्याचा मच्छीमार यांना काम घरी आणता येत नाही. त्यांच्यासाठी लोकल, बस आणि रस्ते सुधारण्याची निकड तशीच राहते. ज्यांना हे साधते, त्यांच्या बाबतीत मालकाने कामाचे माप आधी ठरवून द्यावे, बढतीच्या वेळी दूर असलेल्यास विसरू नये, आणि कुटुंबाने त्याच्या वा तिच्या कामाच्या वेळेस कचेरीच्या वेळेइतकाच मान द्यावा. या तिन्ही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत.