शाळा सोडलेल्या पोराने मोजलं ताऱ्याचं अंतर, कोण होता फ्रेडरिक बेसेल?

आकाशातला तारा आपल्यापासून नेमका किती लांब आहे? १८३८ पर्यंत याचं खात्रीलायक उत्तर कुणाकडेच नव्हतं. ते दिलं फ्रेडरिक बेसेलने. गंमत म्हणजे हा माणूस कधी विद्यापीठात शिकलाच नव्हता.

१७८४ मध्ये जर्मनीतल्या मिंडेनमध्ये जन्मलेल्या बेसेलला शाळेत लॅटिन झेपेना. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि तो ब्रेमेनच्या एका व्यापारी पेढीत उमेदवारीला लागला. माल जहाजांनी जायचा, म्हणून त्याने नौकानयन शिकायला घेतलं. त्यातून खगोलशास्त्राचं वेड लागलं. दिवसभर हिशेब, रात्री गणित. १८०४ मध्ये त्याने १६०७ च्या जुन्या नोंदींवरून हॅलेच्या धूमकेतूची कक्षा काढली. ते गणित बघून ओल्बर्स हे नामवंत खगोलतज्ज्ञ चाट पडले.

पुढे चांगल्या पगाराची पेढी सोडून तो वेधशाळेत कमी पगारावर रुजू झाला. १८१० मध्ये वयाच्या २५ व्या वर्षी त्याला कोनिग्सबर्गच्या नव्या वेधशाळेचं प्रमुखपद मिळालं.

आता मुख्य मुद्दा. हात लांब करून अंगठा आधी एका डोळ्याने बघा, मग दुसऱ्या. अंगठा सरकल्यासारखा वाटतो ना? पृथ्वी सूर्याभोवती फिरत असेल, तर जवळचे तारेही सहा महिन्यांत असेच सरकलेले दिसायला हवेत. कोपर्निकसनंतर जवळपास तीनशे वर्षं लोक हेच शोधत होते.

बेसेलने तेजस्वी तारा घेतला नाही. हंस तारकासमूहातला '६१ सिग्नी' हा मंद तारा घेतला, कारण तो आकाशात भराभर जागा बदलतो, म्हणजे जवळचा असणार. उत्तर आलं सुमारे ०.३१ विकला. अडीच सेंटिमीटरचं नाणं १६ किलोमीटरवरून बघितलं, तर एवढा कोन होतो! यावरून अंतर निघालं सुमारे १० प्रकाशवर्षं. आजचा आकडा आहे ११.४.

स्ट्रुव्ह आणि हेंडरसन हेही याच शर्यतीत होते. हेंडरसनने तर निरीक्षणं आधीच घेतली होती, पण निकाल जाहीर करायला १८३९ उजाडलं.

१८४४ मध्ये बेसेलने आणखी एक दावा केला. व्याधाचा तारा डुलत चालतो, म्हणजे त्याच्याजवळ न दिसणारा जोडीदार आहे. १८४६ मध्ये बेसेल गेला. १८६२ मध्ये अमेरिकेत अल्वान ग्रॅहम क्लार्क नव्या दुर्बिणीचं भिंग तपासत होता आणि व्याधाशेजारी त्याला एक अंधूक ठिपका दिसला. तोच हा जोडीदार.