चौदावा दिवस

पहाटे ५. बैल विकले, पण दारातली गव्हाण आम्ही मोडली नाही. तिच्यातल्या कडब्यावर आता नाताळ्या झोपतो. सासूबाई त्याला उठवत नाहीत. "निजू दे लेकराला" म्हणतात. आज २५ डिसेंबर. चुलीपाशी बसून मी प्रार्थना करते. बाळ येशूलाही गव्हाणीतच निजवलं होतं. लग्न होऊन या घरात आले, तेव्हा ही गव्हाण बघूनच मला धीर आला होता.

सकाळी ८. आमचं आरोग्य केंद्र माजलगाव तालुक्यात आहे. आल्याआल्या लसीच्या फ्रीजचं तापमान वहीत टिपायचं. ते २ ते ८ अंशांतच हवं.

साडेनऊला ऊसतोडीच्या टोळीतली एक बाई लेकराला कडेवर घेऊन धावत आली. पिंढरीला कुत्रं चावलेलं, जखमेत हळद-तिखट भरलेलं. लेकरू रडून थकलं होतं. नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुतली. आईला घाई होती. टोळीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. ती इथं बसली की तिकडं फडात नवरा एकटा, म्हणजे कोयता अर्धाच. तरी मी तिला उठू दिलं नाही. लसीचा पहिला डोस दिला. रक्त आलं होतं, म्हणून सीरमसाठी तालुक्याच्या दवाखान्याची चिठ्ठी लिहिली.

"कुत्रं कुठंय?"

"कोपीपाशी बांधलंय. मालक म्हणले, मारून टाकतो."

"मारू नका, ताई. दहा दिवस त्याला खायला घाला अन् नजर ठेवा. मेलं किंवा बदललं तर लगेच इकडं या."

हे सांगताना माझा आवाज दरवेळी जरा हलतो.

२०२१ चा तो नाताळ. त्याच महिन्यात आमच्या तालुक्यातल्या लऊळची बातमी देशभर गाजत होती. माकडं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर, छपरांवर नेत होती, आणि शेवटी वनखात्यानं दोन माकडं पकडली. त्या दिवसांत पिल्लाचं केकाटणं ऐकलं की माणसं आधी वर बघायची. ऊसवाहतुकीचा ट्रॅक्टर चालवणाऱ्या एका माणसाला मात्र ते केकाटणं खालून, बिनकठड्याच्या विहिरीतून ऐकू आलं. कासरा कमरेला बांधून ते उतरले. घाबरलेल्या पिल्लानं अंगठ्याचा लचका तोडला, तरी त्यांनी ते सोडलं नाही. तशा ओल्या कपड्यांनी ते माझ्यासमोर उभे राहिले. तोंडावर मास्क; मला डोळेच दिसले.

लसीची पाच इंजेक्शनं होती: २५ डिसेंबर, २८ डिसेंबर, १ जानेवारी, ८ जानेवारी, २२ जानेवारी. दर खेपेला ते स्वतःच्या हाताआधी पिल्लाचीच खबर सांगायचे. दूध प्यायलं. उभं राहिलं. शेपूट हलवलं. दहा दिवस उलटले, पिल्लू ठणठणीत होतं. नियमाप्रमाणे चौदाव्या दिवसाचं इंजेक्शन आता टाळता येत होतं. मी तसा निरोपही धाडला. तरी ८ तारखेला ते आले. पिशवीतून पिल्लू बाहेर काढून म्हणाले, "याला तुम्हाला दाखवायचं राहिलं होतं." मी रजिस्टर मिटलं आणि पहिल्यांदा त्यांच्या गावाचं नाव नीट विचारलं.

दुपारी २. एक बाळंतपण झालं. मुलगी, वजन २ किलो ८०० ग्रॅम. बाळ-बाळंतीण सुखरूप. माहेरहून आलेल्या करंज्या वॉर्डात वाटल्या.

संध्याकाळी ६. घरी आले. सासूबाईंनी पुरण वाटून ठेवलं होतं. नाताळला पुरणपोळी हा आमच्या घरचाच रिवाज, आणि मला तो फार प्रिय आहे. कागदी चांदणी दारावर टांगली. ह्यांचा फोन आला: कारखान्याच्या यार्डात ट्रॅक्टरांची रांग मोठी आहे, तुम्ही जेवून घ्या.

आम्ही जेवलो नाही.

रात्री पावणेअकरा. नाताळ्या गव्हाणीतून उडी मारून रस्त्याकडं पळाला. ट्रॅक्टरचा आवाज आम्हाला त्यानंतर ऐकू आला.

त्या विहिरीला आता कठडा आहे. लग्नात आहेर म्हणून आलेल्या पैशातून आम्ही तो बांधून घेतला. तुमच्या शिवारातली विहीर उघडी असेल, तर येत्या उन्हाळ्यात तिला कठडा बांधा.