कार्बोरेटर साफ करता येतो? मग गावातच धंदा उभा राहू शकतो!



मागच्या पावसाळ्यात माझी जुनी १०० सीसीची गाडी चढाला ओढेना. रेस दिली की इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी पुढं सरकायची नाही. एका गॅरेजवाल्याने उभ्या उभ्या सांगितलं, "क्लच प्लेटा गेल्या, पूर्ण सेट बदलावा लागेल."

मी गाडी इंदापूर रस्त्याला पत्र्याच्या शेडमधल्या एका पोराकडे नेली. त्याने क्लचची मूठ दोनदा दाबून बघितली, केबलचा नट थोडा सैल केला आणि एक चक्कर मारून आला. "काका, प्लेटा चांगल्यात. केबलच ताणलीय." वीस रुपये घेतले. आज आमच्या घरातल्या तिन्ही गाड्या त्याच्याकडेच जातात.

सेट विकून एकदाच पैसे मिळाले असते. त्या पोराने वीस रुपयांत तीन गाड्यांचं गिऱ्हाईक बांधलं!

कार्बोरेटरचा जमाना संपला ना?

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि नव्या मोटारसायकलींमध्ये बहुतेक ठिकाणी फ्युएल इंजेक्शन आलं. पण त्याआधीच्या गाड्या कुठं गेल्या? दुधाचे कॅन घेऊन डेअरीला जाणाऱ्या, शेतात वैरण वाहणाऱ्या, बारामती एमआयडीसीत शिफ्टला येणाऱ्या गाड्या बघा. अशा गाडीचा मालक कंपनीच्या शोरूमला फारसा जात नाही. तो जवळचा आणि खरं बोलणारा माणूस शोधतो.

आणखी एक गंमत. आपला ऊस माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांत जातो. उसापासून इथेनॉल बनतं आणि ते आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळलेलं असतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. गाडी बरेच दिवस उभी राहिली की कार्बोरेटरच्या वाटीत पाणी आणि चिकट थर साचू शकतो. जुनी रबरं, ओ-रिंगाही लवकर खराब होऊ शकतात. म्हणजे काम आहे!

आधी रोग ओळखा, मग पाना उचला

- स्लोवर बंद पडते, चोकशिवाय चालू होत नाही: पायलट जेट बघा.
- स्लोला ठीक, पण वेगात दम तोडते: मेन जेट किंवा पेट्रोलचा पुरवठा बघा. एअर फिल्टरही तपासा.
- पेट्रोल गळतं: फ्लोटची सुई नीट बसत नाही.
- रेस वाढते, गाडी ओढत नाही: क्लच घसरतोय. आधी केबल बघा.
- गिअर कडकड वाजतो, न्यूट्रल सापडत नाही: क्लच पूर्ण सुटत नाही. इथंही आधी केबल.

कार्बोरेटर साफ करताना

पेट्रोल कॉक बंद करा, वाटीतलं पेट्रोल काढा, जवळ विडी-काडी नको. मिक्स्चरचा स्क्रू काढण्याआधी हलक्या हाताने आत फिरवून किती फेरे बसतात ते लिहून ठेवा. परत तेवढेच फेरे द्या. जेट क्लीनर स्प्रे आणि हवेनेच साफ करा. तार घातली की भोक मोठं होतं, पेट्रोल जास्त जातं आणि महिन्याभरात गिऱ्हाईक ॲव्हरेजवरून भांडायला येतं. स्लो सेटिंग इंजिन गरम झाल्यावरच करा.

क्लच उघडण्याआधी

बहुतेक लहान गाड्यांत मुठीच्या टोकाला १० ते २० मिलिमीटर मोकळी हालचाल हवी. ती नसेल तर क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो आणि चांगल्या प्लेटाही जळतात. ऑईल कोणतं टाकलंय ते विचारा. कारचं ऑईल टाकलं तर क्लच घसरू शकतो. डब्यावर 'जासो एमए' लिहिलेलं ऑईल हवं. इतकं करूनही घसरतोय, तरच झाकण उघडा. प्लेटांची जाडी आणि स्प्रिंगची लांबी मोजा, मॅन्युअलशी ताडून बघा. नव्या प्लेटा ऑईलमध्ये भिजवूनच बसवा. जुन्या प्लेटा मालकाच्या हातात द्या.

आता हिशोब

समजा, कार्बोरेटरच्या कामाचे २५० रुपये घेतले. स्प्रे, ओ-रिंग वगैरे ५० गेले, उरले २००. दिवसाला ४ कामं म्हणजे ८००, महिन्याचे २५ दिवस धरले तर २०,०००. यातून भाडं, वीज आणि तुमचा स्वतःचा पगार निघायचाय. तुमच्या गावचे दर टाकून हाच हिशोब वहीत मांडा. हत्यारांसाठी पैसे कमी पडत असतील तर मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकतं, बँकेत चौकशी करा.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. कार्बोरेटरच्या गाड्या दरवर्षी कमीच होणार. म्हणून या कमाईतला थोडा भाग बाजूला काढून फ्युएल इंजेक्शनचं काम शिकून घ्या. आज कार्बोरेटर घेऊन येणारा माणूस उद्या नवी गाडीही तुमच्याकडेच आणेल, पण तुम्ही आज खरं बोललात तरच!

आजचा गृहपाठ: गावातल्या दहा गाडीमालकांना विचारा, "मेकॅनिकची कोणती गोष्ट खटकते?" उत्तरं लिहून काढा. तुमच्या गॅरेजचे नियम त्यातूनच तयार होतील.

भेटू पुढच्या व्हिडिओत. कामाला लागा!